विहिरीच्या पाण्यातली डाळ

आमच्या भागात पाणी चांगलं की वाईट हे तुरीच्या डाळीवरून ठरतं. नवी विहीर लागली की पहिल्या पाण्यात कोणीतरी डाळ टाकतं. मऊ शिजली तर पाणी गोड. चूलभर कापसाच्या पऱ्हाट्या जाळूनही दाणे अख्खेच राहिले, तर ते पाणी खारं, मग ते डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसो. तेल्हाऱ्याहून पूर्णा नदीकडे निघालं की हा खारपाण पट्टा लागतो. जमीन काळी आणि खोल, कापसाला, हरभऱ्याला चांगली. खाली पाणी मात्र खारं. काही वावरांत वरच्या वाळूत पावसाचं गोड पाणी साठलेलं असतं, खाऱ्या पाण्यावर साय धरावी तसं. ते बेताबेतानं उपसायचं. खोदताना वाळू संपून निळी चिकणमाती लागली की थांबायचं. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं.

माहीत होतं एवढंच नाही. गावाची पाणी समिती झाली तेव्हा मी तिच्यात होतो. निळ्या मातीखाली कोणी बोअर न्यायचा नाही, असा ठराव ग्रामसभेत झाला, तो मोठ्यानं वाचून दाखवला मीच. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणायचे. शेततळं कसं घ्यावं, पहिला पाऊस विहिरीजवळच्या खड्ड्यात कसा मुरवावा, हेही मी चार गावांत जाऊन सांगितलं होतं. सांगताना खोटं बोलत नव्हतो. मला ते सगळं पटलेलं होतं.

काकूंचं वावर माझ्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. त्या माळ्याच्या घरच्या, आमच्या नात्यातल्या नाहीत, पण आईच्या वेळेपासून घरोबा. काका गेल्यावर त्यांनी एकटीनं भाजी लावली. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, गवार आणि दसरा-दिवाळीला झेंडू. त्यांची विहीर उथळ, दगडांनी बांधलेली. नळयोजनेचं पाणी येतं तेव्हा येतं. बाकीचे दिवस आसपासच्या वावरांतले मजूर काकूंच्या विहिरीवरच पाणी प्यायचे. आमच्या घरी पाहुणे यायचे असले की माझी बायको डाळीपुरती एक कळशी तिथूनच आणायची.

एका साली माघात माझी विहीर आटली. वावरात बियाण्याचा कांदा उभा होता, फुलावर आलेला. शेजारच्या गावात बोअरची गाडी आली होती. मी तिला बोलावलं. गाडीवरची माणसं दक्षिणेकडची, हिंदी तोडकं बोलणारी. वाळूत पाणी लागलं, पण बोटाएवढी धार. गाडीवाल्यानं खालून आलेली माती तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरली.

"साब, नीला मिट्टी आ गया. बंद करूं?"

मी म्हणालो, "और थोडा."

तेवढंच. त्यावर मी नंतर खूप विचार केला आहे आणि त्यात काही सापडत नाही. मी रागात नव्हतो, घाबरलेलो नव्हतो. कांद्याकडे पाहत होतो आणि तोंडातून ते निघालं.

पाणी उसळून वर आलं. जमलेल्या लोकांनी ओरडा केला. एकानं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि बाजूला थुंकला. मी त्याला थुंकताना पाहिलं.

"पहिलं पाणी असंच असते," मी म्हणालो. "गाळ हाय."

मी मोटार चालवली. कांद्याच्या पातीचे शेंडे आधी पिवळे झाले, मग जळाले. कांदा गेला. मी मोटार बंद केली. त्यानंतर मला वाटलं, माझं जे जायचं होतं ते गेलं, आता हे इथेच संपलं.

वैशाखात काकू घरी आल्या. हातात पितळी वाटी होती. बायकोनं त्यांना बसायला पाट दिला. त्या बसल्या नाहीत. वाटी त्यांनी माझ्यासमोर धरली. आत डाळ होती, पाण्यात बुडालेली, एकेक दाणा वेगळा.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चुलीवर होती."

मी वाटीत पाहत राहिलो.

"मेथी बी कडानं जळून राहिली. मले वाटलं, उनानं असन. मंग म्हटलं, डाळ टाकून पाहू." त्या थांबल्या. "खालचं खारं झोपेल होतं, बापू. तुनं काहून उठवलं त्याले?"

बायको आत निघून गेली. मी म्हणालो, "बोअर बुजवून टाकतो, काकू."

"बुजव," त्या म्हणाल्या. वाटी तशीच घेऊन गेल्या.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. गावातही कोणी फार बोललं नाही. पारावर एकानं विचारलं, "काय समितीवाले, ठरावाचा कागद बोअरमंदी टाकला का?" लोक हसले, मीही हसलो. समितीतून मला कोणी काढलं नाही. पुढच्या बैठकीला मला खुर्ची ठेवलेली होती आणि मी तिच्यावर बसलो.

बोअर मी बुजवला. चिकणमातीचे गोळे करून आत सोडले, वर सिमेंट. पण खालून एकदा वर चढलेलं खारं पाणी वाळूत पसरलं होतं. ते धुऊन काढायला पावसाशिवाय दुसरं काही नाही. म्हणून पाऊस लागायच्या आत मी काकूंच्या विहिरीच्या वरच्या अंगाला मोठा खड्डा खणला. खाली दगड, मग गिट्टी, वर वाळू. माझ्या आणि त्यांच्या वावरातलं पाणी चाऱ्या खणून तिथे आणलं. हेच मी लोकांना गावोगाव सांगत होतो, पण कधी स्वतःच्या हातांनी केलं नव्हतं. खणताना मला वाईट वाटायला हवं होतं. काही वाटत नव्हतं. पाठ दुखायची तेवढी कळायची. काकू बांधावर बसून सुपात तूर निवडायच्या आणि मधूनच सांगायच्या, "थो गोटा तठी नोको ठेवू, इकडे ठेव." मी गोटा तिकडून इकडे ठेवायचो.

आदल्या साली काकूंना मोठा ताप आला होता आणि तेव्हापासून त्यांच्या जिभेची चव गेली होती. मीठ कमी की जास्त, त्यांना कळत नसे. त्यामुळे पाणी चाखून पाहण्याचा प्रश्न नव्हता. मी एकदा म्हणालो, "मी चाखून सांगत जाईन."

"तू?" त्या म्हणाल्या. "तुले तर खारं बी गाळ लागते."

म्हणून डाळ. दर बाजारच्या दिवशी त्या विहिरीच्या पाण्यात मूठभर डाळ शिजत टाकायच्या. पूर्वी त्या दिवशी पहाटे भाजीच्या जुड्या बांधून त्या तेल्हाऱ्याला जात. आता जुड्या नव्हत्या, दिवस रिकामा होता. मीही जाऊन बसायला लागलो. कोणी बोलावलं नव्हतं. चुलीपुढे मी पऱ्हाट्या मोडून द्यायचो, त्या जाळ सारायच्या. पाणी उकळायचं. आम्ही कापसाबद्दल बोलायचो, कोणाच्या घरी काय झालं ते बोलायचो. मग त्या पळीनं दाणा काढून चिमटीत दाबायच्या. दाणा निसटायचा.

"नाई," त्या म्हणायच्या आणि भांडं उतरवायच्या. ती डाळ म्हशीच्या आंबोणात जायची.

पहिला पावसाळा असा गेला. दुसऱ्यात पाऊस चांगला झाला. खड्डा भरायचा आणि रिता व्हायचा, म्हणजे पाणी खाली उतरत होतं. चाखलं तर मला खारटपणा कमी वाटायचा. पण हे मला वाटत होतं की खरंच होतं, ते मी सांगू शकत नव्हतो. डाळीचा दाणा निसटतच होता. कधी थोडा उशिरा निसटायचा.

काकूंनी त्या दोन वर्षांत भाजी लावून पाहिलीच नाही असं नाही. पालक तगला. वांगी खुरटली. झेंडू फुलला, पण फूल बोराएवढं. ते पाहून त्यांनी रोपं उपटली आणि बांधावर वाळत घातली.

काकूंचा मुलगा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. तिथेच खोली घेतलेली, सून, एक लहान नातू. तो काकूंना न्यायला टपलेला होता. सुनेलाही कामाला जायचं होतं आणि पोराकडे पाहायला कोणी नव्हतं. एका बाजारच्या दिवशी मी चुलीपुढे बसलेलो असताना त्याचा फोन आला. काकूंना फोन मोठ्या आवाजावर ठेवायची सवय होती.

"आई, आता पुरे कर नं तुयं ते डाळीचं."

"पाणी गोड होऊन राहिलं रे, बाबू. थोडं राह्यलं."

"दोन वर्षांपासून थोडंच राह्यलं हाय!"

काकू माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत पाहू. शिजली तर मेथी टाकू. नाई शिजली तर ये मले न्याले."

फोन ठेवून त्यांनी जाळ सारला. मला म्हणाल्या, "तू आयकलंच."

"हो."

"मंग बरं."

त्या दिवसापासून मी दिवाळीचा विचार करू लागलो. काकू गेल्या तर ते वावर ओस पडणार, आणि धुऱ्यावर उभं राहिलं की ते मला रोज दिसणार. ती विहीर काकांनी काय कष्टानं बांधली, काकूंनी तिच्यावर मुलाला कसं वाढवलं, हे सगळं गावाला ठाऊक होतं. आतापर्यंत लोक म्हणत होते, बोअरनं पाणी बिघडवलं. काकू गेल्या की म्हणतील, बोअरनं माळीण घालवली. मी हा विचार असा स्पष्ट शब्दांत केला. काकूंना जायचं आहे की राहायचं आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा बाजारचा दिवस. सकाळी घरातून निघताना मी फडताळातला खायच्या सोड्याचा डबा उघडला. बायको कधी नळाच्या पाण्यात हरभरे भिजवताना चिमूटभर टाकते. मी कागदाच्या तुकड्यात थोडा सोडा घेतला, घडी केली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. सोड्यानं कुठल्याही पाण्यात डाळ शिजते. एकदा शिजली की काकू राहतील. मेथी टाकतील. तोवर पाणी आणखी सुधारेल. खारटपणा कमी होत होताच, थोड्याच दिवसांचा प्रश्न होता. मी स्वतःला हे सांगितलं आणि मला ते पटलं, जसं गाळाचं पटलं होतं.

काकूंनी डाळ टाकली. पाण्याला उकळी आली. सरपण संपत आलं म्हणून त्या गोठ्यामागे पऱ्हाट्या आणायला गेल्या. मी कागद उघडून भांड्यात झटकला. फेस भसकन वर आला, चुलीत थोडा सांडला आणि चर्र झालं. मी पळीनं ढवळलं. फेस खाली बसला. कागद चुलीत टाकला.

काकू आल्या. त्यांनी पऱ्हाट्या खाली ठेवल्या, चुलीकडे पाहिलं, भांड्याच्या कडेला लागलेला फेस पाहिला. खाली बसून जाळ सारला. आम्ही थांबलो. थोड्या वेळानं त्यांनी दाणा काढला आणि चिमटीत दाबला. दाण्याचा लगदा झाला. बोटांना बुळबुळीत लागला असणार, कारण त्यांनी बोटं एकमेकांवर दोन-तीनदा घासली.

"शिजली," मी म्हणालो.

"व्हय."

त्या बोटांकडेच पाहत होत्या.

"बापू, सोडा टाकला का?"

"नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "टाकला."

"मले वाटलंच. निरा पिवळीधम्म झाली." त्यांनी पळी भांड्यात ठेवली. "तुया बायकोनं सांगतलं का तुले हे?"

"नाई. तिले माहीत नाई."

"मंग तुयंच डोकं चाललं." त्या हसल्या. खरंच हसल्या, थट्टा सापडल्यासारख्या. "पोट्टे परीक्षेत कॉप्या करते, तसा तू विहिरीची कॉपी करून राहिला का रे?"

मी मान खाली घातली होती. त्यांचं हसू थांबलं.

"अन् म्या बियाणं टाकलं असतं मंग? मेथी जळली असती तर तवा काय टाकला असता? तीबी सोड्यानं हिरवी करतो का?"

"तुमी गेल्या असत्या, काकू."

"तर जाऊ दे नं. माया पोराच्या घरी जाऊन राहिली मी. मसणात जाऊन राहिली का?"

"मले वाटलं—"

"तुले काय वाटलं ते मले समजलं." त्या उठल्या, भांडं फडक्यानं धरून उतरवलं. "हे तुनं मायासाठी नाई केलं. मी गेली तर तुले झोप नाई लागनार, म्हून केलं. दोन वर्स येऊन बसून राहिला चुलीपाशी. मले समजत नाई का? मलेच तुयी कीव येऊन राहिली अन् मी सोयरा आल्यासारखी चहा टाकून राहिली."

त्या डाळीचं भांडं घेऊन गोठ्याकडे गेल्या. म्हशीलाही त्यांनी ती घातली नाही. उकिरड्यावर ओतली.

दिवाळीनंतर मुलगा आला. निघायच्या आदल्या दिवशी विहिरीतली मोटार काढायची होती, तर काकूंनी मलाच बोलावलं. दुसरं कोणाला बोलवायचं म्हणजे त्याला सगळं सांगत बसावं लागेल, असं म्हणाल्या. मी आणि मुलानं दोर धरून मोटार वर ओढली. तिच्या लोखंडावर पांढरी पोपडी चढली होती. मुलानं ती नखानं खरवडली, माझ्याकडे पाहिलं आणि हात पॅंटला पुसला. काकूंनी त्याला काय सांगितलं होतं, किती सांगितलं होतं, मला माहीत नाही.

निघताना सामान फार नव्हतं. ट्रंक, दोन पोती, जुड्या बांधायची सुतळीची गुंडी. ती मुलानं बाहेर काढली. "तठी काय जुड्या बांधतं?" काकूंनी ती परत पोत्यात घातली. फाट्यावर एसटीची वाट पाहताना मी जवळ उभा होतो. वाटत होतं की आता त्या मला काहीतरी म्हणतील, माफ केलं किंवा नाही केलं, काहीही. त्या रस्त्याकडे पाहत होत्या.

गाडी दिसली तेव्हा म्हणाल्या, "वावर पडीक नोको ठेवजो. हरभरा टाक. हरभऱ्याले पाणी लागत नाई. अर्धा तुले, अर्धा आमाले."

"बरं."

"अन् खड्ड्यातला गाळ काढत राह्यजो. गाळ बसला का पाणी उतरत नाई."

"बरं, काकू."

"निरा बरं-बरंच करतं," त्या मुलाला म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

पेरणीची वेळ सरत आली होती, ओल होती. मी हरभरा टाकला. चांगला उगवला. खारपाणातला हरभरा चवीला चांगला, बाजारात लोक विचारून घेतात. गावात काही दिवस बोलणं झालं, की आधी पाणी बिघडवलं, मग वावरच पेरलं. एकानं तोंडावरही म्हटलं. मी नाही म्हणालो नाही. अर्धा वाटा त्यांचा आहे, हे सांगायचं मनात आलं, पण सांगितलं नाही. सांगून काय साधणार होतं? घाटे धरले तेव्हा मी धुऱ्यावर उभा होतो. पीक उत्तम होतं. ते पाहून आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. मी कीड आहे का तेवढं पाहिलं आणि घरी आलो.

समितीत मी अजून आहे. मध्यंतरी एका तरुण शेतकऱ्याला बोअर घ्यायचा होता, तेव्हा मला सांगायला पाठवलं. त्याच्या ओट्यावर बसून मी झालं ते सगळं सांगितलं, सोड्यासकट. त्यानं ऐकून घेतलं. "तुमचं समजलं, काका," तो म्हणाला, "पण मायं वावर नदीच्या अंगाले हाय." त्यानं बोअर घेतला की नाही, मी अजून पाहायला गेलो नाही. त्या वाटेनं जाणं होत नाही असं मी म्हणतो.

काकूंचा फोन कधी कधी येतो. परवा आला तेव्हा मागे नातू रडत होता.

"सोंगला का हरभरा? कापून घरी आला का?"

"सोंगला. चांगला झाला."

"किती झाला ते पोराले सांग, मले नोको सांगू. माया ध्यानात राहत नाई." मग त्या नातवाला काहीतरी म्हणाल्या. तो थोडा गप्प झाला. "अन् पाणी?"

मी सकाळीच विहिरीवर जाऊन आलो होतो.

"खारंच हाय, काकू. थोडं कमी हाय म्हणावं, तर माया जिभेचा भरवसा नाई."

"खरं सांगून राहिला का आता?"

"खरं सांगून राहिलो."

"बरं," त्या म्हणाल्या. पलीकडे दूध उतू चाललं होतं, म्हणून त्यांनी फोन ठेवला.